बिलाला जोडलेली चिठ्ठी

"हा महारोग नाही," पुण्याचे डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी आईकडे बघितलंच नाही. बघितलं असतं तर रडू आलं असतं.

माझ्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट दोन महिने बधिर होतं. नगरच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना वेगळीच शंका आली. त्यांनी पुण्याला नर्व्ह कंडक्शन टेस्टसाठी चिठ्ठी दिली. नर्व्ह म्हणजे मज्जातंतू. हाताला विजेचे बारीक झटके देऊन त्यातून संदेश किती वेगानं जातो ते मोजतात. झटके सोसवतात; घाबरू नका.

माझा वेग फक्त कोपराशी मंदावत होता. अंगावर चट्टा नव्हता, बाकीचे तंतू ठणठणीत होते.

"टेबलावर कोपर टेकून वाचता ना? तिथंच तंतू दबलाय. सवय सोडा, बोटं सुधारतील."

सुटले, असं वाटलं. पण बिल राहिलं होतं. माझे वडील, अण्णा, पाटबंधारे खात्यात कारकून. तपासणीचा खर्च सरकार देतं, मात्र बिलाला नगरची ती चिठ्ठी जोडावी लागते. तिच्यावर ठळक लिहिलं होतं : लेप्रसीची शंका.

"जाऊ द्या ते पैसे," आई म्हणाली. "कचेरीत एकानं वाचलं की केडगावभर होईल. हिचं लग्न व्हायचंय अजून."

पुण्याच्या खर्चापायी अण्णांनी सायकल विकली होती. केडगावहून नगरला ते रोज पायी जात होते. तरी मला एवढंच म्हणाले, "हात तुझा. तू म्हणशील तसं."

अर्ज इंग्रजीत होता, तो मीच भरला. चिठ्ठी जोडली आणि हट्टानं त्यांच्याबरोबर कचेरीत गेले. तो शब्द वाचणाऱ्याचा चेहरा मला बघायचा होता.

हेडक्लार्क भाऊसाहेबांनी चिठ्ठी वाचली. थांबले. पुन्हा वाचली. मग नेहमीसारखं बोट जिभेला लावलं, चिठ्ठी उलटली आणि पुण्याचा रिपोर्ट वाचू लागले.

"कोपर टेकून झालं व्हय?" ते हसले. "आमी तर सगळी नोकरी कोपरावर काढली, पोरी! आमाला न्हाई झालं ते!"

अण्णाही हसले. कितीतरी दिवसांनी.

बिल मंजूर व्हायला पुढे चार महिने लागले, बोटांना त्याहून थोडे जास्त. पण मला बरं वाटलं ते भाऊसाहेबांनी पान उलटलं तेव्हाच. कुणावर अशी वेळ आली, तर चिठ्ठी लपवू नका.