जेलच्या कॉलेजची चौकशी

बारामतीत बी.ए. झाल्यावर मी घरी सांगितलं, की मला गुन्हेगारी आणि तुरुंगातल्या सुधारणा शिकायच्यात. तीन शहरांतल्या कॉलेजांची माहितीपत्रकं मागवली होती. वडिलांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "जेलचं म्हणजे तात्यांनाच विचारलं पायजे."

तात्या म्हणजे माझ्या आत्याचे मोठे दीर. पाटाच्या पाण्याच्या भांडणात एकाचं डोकं फोडून दोन शहरांच्या जेलांत मिळून चौदा महिने आत होते. आमच्याकडं याविषयी कुणी चकार शब्द काढत नसे. लग्नकार्यात विषय निघालाच तर 'तेव्हा ते मुंबईला होते' एवढंच.

दुसऱ्या दिवशी आमच्या शेळगावहून एसटीनं आम्ही वडगाव निंबाळकरला गेलो. वडिलांनी टोपी सारखी केली आणि हात जोडले. "तात्या, तुमचा अनुभव हाय. पोरीला कुठं घालावं?"

तात्या आधी चपापले. मग आत जाऊन चष्मा घेऊन आले.

"ह्या गावाला लय गर्दी," पहिलं पत्रक धरून ते म्हणाले. "नव्या माणसाला कूस बदलता येत न्हाय." दुसऱ्याला म्हणाले, "हितलं पाणी ग्वाड. डाळबी बरी." तिसरं शहर विदर्भातलं. ते त्यांनी बराच वेळ न्याहाळलं. "तितं आपलं जाणं झालं न्हाय," असं म्हणताना त्यांचा चेहरा पडला.

वडील पत्रकाच्या पाठीवर सगळं लिहून घेत होते.

"तात्या, मला कॉलेजात राहायचंय, आत नाही," मी म्हणाले.

"मधी बोलू नगं," वडील म्हणाले. "पाणी एकच असतंय गावाला."

चहा घेऊन आलेल्या काकू दारातच थांबल्या. एवढ्या वर्षांत नवऱ्याच्या जेलविषयी कुणी अदबीनं विचारतंय, हे त्या पहिल्यांदा पाहत होत्या.

मी विचारलं, "तिथं काय शिकवायला हवं, तात्या?"

त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. "सुटायच्या दिवशी माझा सदरा परत दिला. तो अंगात जाईना. तसाच खांद्यावर टाकून फाटकाबाहेर हुबा ऱ्हायलो. आता कुठं जाणार, असं कुणी इचारलं न्हाय. शिपाई म्हणाला, हितं थांबायचं न्हाय. मग मी त्यालाच इचारलं, मग आत येऊ का?"

वडील हसले. तात्या हसले नाहीत. मलाही हसू आलं नाही.

गोड पाण्याच्या गावी माझा प्रवेश झाला. मला तिथला अभ्यासक्रमही पटला होता, पण ते कुणी विचारलं नाही. दिवाळीच्या आधी आत्याचं पत्र आलं. तात्यांनी भावजयीच्या भाचीला कॉलेजात लावून दिलं, असं गावभर झालं होतं. एक जण डी.एड.साठी मुलाला घेऊन ओट्यावर आला, तर दुसऱ्याला इंजिनिअरिंगचं विचारायचं होतं. तात्या इस्त्रीचे कपडे घालून बसत आणि प्रत्येकाला आधी एकच विचारत, "शिकून झाल्यावर पोरगं जाणार कुठं?"