राणीले भरवाले कोणी नाई

राणीमाशी म्हणजे मोठी राज करणारी, असं लोकायले वाटते. कायचं राज घेऊन बसले! तिले घास कामकरी माश्या तोंडात देतात. तिचं अंग त्याच चाटूनपुसून साफ करतात, घाणही त्याच उचलून नेतात. तिच्याकडं तोंडं करून गोल उभ्या राहतात, अन् ती चालली की मांगं सरून वाट देतात. मधमाश्यायची पेटी उघडली की मी पह्यले हेच पाहत बसो. माह्या सासूनं एकदा पाह्यलं अन् म्हणाली, "सुना लाभाव्या त अशा, बाई!"

माही एकच पेटी. अल्लीपूरच्या रस्त्याकडच्या आमच्या वावरात, धुऱ्याच्या बांधावर ठेवली होती. बाजूचं वावर दिराचं. कापसाची पराटी फुलावर आली की ते किडीच्या औषधाचा फवारा मारतात. मारा बापा, कोण नाई म्हणते? फक्त आदल्या सांजेले सांगजा, एवढं मी त्यायले हात जोडून म्हटलं होतं. सांजेले माश्या घरी येतात, दाराले जाळी लावली की काम झालं. दर वेळी ते म्हणत, "हो वयनी, सांगतो ना." अन् पह्यले सांगतही.

या खेपेले नाई सांगतलं. ऊन चढल्यावर मी गेली, त पेटीसमोर माश्यायचा सडा पडला होता. काही अजून जागच्या जागी गरगर फिरून राह्यल्या होत्या.

"काऊन नाई सांगतलं, भाऊजी?"

"इसरलो वयनी. पंप मिळाला, तसा मारून घेतला. माश्याच त हायेत, दुसऱ्या येतीन."

माश्याच! तळपायाची आग मस्तकात गेली माह्या.

राणी वाचली होती, कारण ती बाहेर जातच नाई. जवळ मूठभर माश्या उरल्या होत्या. राणी टिकली त पेटी पुन्हा भरीन, म्हणून मी साखरेचं पाणी ठेवलं, देवाले हात जोडले. त्या माश्या लटपटत येत, तिले भरवत, अन् पोळ्याच्या चौकटीवरून खाली पडत. मंग दुसरी पुढं सरे. शेवटी कोणीच नाई उरलं. मधाच्या कोठ्या भरलेल्या, अन् ही नुसती इकडून तिकडं, कोणी भरवाले येते का पाहत. मी बोटावर मध धरला. तिनं तोंड नाई लावलं.

तेवढ्यात भाऊजी आले. हातात वाटी.

"वयनी, माश्या त गेल्या, आता तो मध वाया कायले घालवता? पोरीले खोकला हाय."

मी चौकट तशीच त्यायच्यापुढं धरली. म्हटलं, "घ्या ना. तुमच्या पराटीवरून आणलेलं सारं याच्यातच हाय. चाटवता लेकीले?"

त्यायनं चौकटीकडं पाह्यलं. वाटी मांगं घेतली, अन् धुऱ्याधुऱ्यानं निघून गेले. वा रे वा! म्हणजे जहर काय असते, ते समजत होतं त्यायले.

राणी अजून चालून राह्यली होती. मी चौकट पेटीत ठेवली अन् झाकण लावलं.