कानसेन आणि मशीनची उचकी

डोळे मिटता येतात, ओठ मिटता येतात. कानांना मात्र विधात्याने दारच बसवले नाही. जे येईल ते आत घ्यावे, हाच त्यांचा धर्म. पोलादाच्या गोंगाटात उभे राहून ज्याने हा धर्म आयुष्यभर पाळला, त्याच्याकडे आज घटकाभर प्रेमाने पाहू या.

साच्यांच्या त्या कारखान्यात त्याला सगळे ‘कानसेन’ म्हणत. मशीन चाले संगणकाच्या हुकमाने. पण किती वेगाने चालवायचे, याचा शेवटचा कौल कानसेनाच्या कानांचा. कारण संगणकाला गोलाई कळत नाही. दिव्याच्या काचेचा साचा कोरायचा, तर त्याची मऊ गोलाई हजारो इवल्या सरळ रेघांत मोडून त्याला सांगावी लागते. त्याने रेघ वाचावी, पुढच्या रेघा न्याहाळाव्यात, मग हत्यार हलवावे. वेग फार वाढवला की वाचणे मागे पडते. हत्यार क्षणभर अडते आणि पुन्हा झेपावते. या अडण्याला कानसेन ‘उचकी’ म्हणे. जिथे उचकी लागे, तिथे साच्यावर बारीक ओळ उमटे. म्हणून प्रत्येक साच्याच्या आरंभी कानसेन डोळे मिटून उभा राही, उचकी ऐकली की वेगाचे बटण किंचित मागे फिरवी, आणि मग म्हणे, “हं.” त्या ‘हं’वाचून कारखान्यात काम पुढे सरकत नसे.

कोरलेल्या साच्याचा आरसा करायचे काम त्याच्या बायकोचे. त्याच छपराखाली, तावदानाच्या पलीकडे, दिवसभर तिचे घासणे चाले. “आमचा संसार सोपा आहे,” ती हसून सांगे. “हे ओळी ओढतात, मी पुसते.”

मग मशीनच्या संगणकात नवे सॉफ्टवेअर आले. ते बसवायला आलेले चष्मेवाले साहेब भले गृहस्थ होते. त्यांनी आधीच बजावले, “वेग वाढेल, पण मर्यादा राहणारच. फार ताणलंत, तर रेघा वाचताना हे अडखळणार. न अडखळता पळवायचं, तर अचूकपणात सूट द्यावी लागेल, मग कोपरे बोथट होतील. दोन्ही एकदम मागू नका.”

“मर्यादा कुठे येते ते आमचे कानसेन सांगतील,” शेठ म्हणाले.

वेग वाढवला. कानसेन डोळे मिटून उभा. “उचकी नाही.” आणखी वाढवला. “नाही.” आणखी! मशीन जणू एका श्वासात वाहत होते. कानसेनाचे मन भरून आले. “शेठ, लोण्यासारखं चाललंय! हं!” त्या एका ‘हं’वर वेग तिथेच कायम झाला.

आणि तावदानापलीकडे साचे तुंबू लागले.

“वहिनी, मशीन पळतंय आणि तुमचं टेबल हलत नाही,” एके दिवशी शेठ येऊन म्हणाले.

“साच्यांवर ओळी येताहेत, शेठ. पॉलिशचा दगड फिरवून फिरवून बोटं सोलली माझी.”

“ओळी कुठून येतील? कानसेन, लागते का उचकी?”

बायकोने नवऱ्याकडे पाहिले. नवऱ्याने मशीनकडे पाहिले. “नाही शेठ. मशीन साफ आहे.”

“मग हातच थकले म्हणायचे. वहिनी, हा महिना करा आणि घरी आराम करा. पॉलिशला दुसरं कुणीतरी बघतो.”

संध्याकाळी घरी ती कोमट पाण्यात बोटे बुडवून बसली. “भर कारखान्यात मला खोटं पाडलंत.”

“अगं, जे ऐकलं ते सांगितलं. वय होतं माणसाचं. हात दमतात.”

“हातच दमतात का फक्त?” ती म्हणाली. “किटली केव्हाची कोकलतेय. तुम्ही तिच्या कुशीत बसलात.”

त्याने वळून पाहिले. तोटीतून वाफेचा झोत उसळत होता. आवाज मात्र नव्हता. “शिट्टी बिघडली असेल,” तो म्हणाला. ती उठली, तिने शेगडी बंद केली, आणि काहीच बोलली नाही. ते नक्की न बोलणेच होते ना?

दुसऱ्या दिवशी मशीन ऐन भरात असताना ती तावदानाअलीकडे आली. त्याचा हात धरला आणि तळवा मशीनच्या अंगावर टेकवला. “आता ऐका.”

कानांत संथ, अखंड धार होती. आणि तळव्याखाली? तळव्याखाली हिसका! अडणे, झेपावणे, अडणे, झेपावणे. मशीन उचक्या देऊन देऊन बेजार झाले होते, आणि कानसेन त्याला लोणी म्हणत होता. सॉफ्टवेअर आले आणि उचकी थांबली, असे त्याला वाटले होते. अरे देवा! थांबले होते ते कान. कधीपासून, कोण जाणे.

आता गप्प राहिला, तर त्याचे नाव राहणार होते आणि तिचे टेबल जाणार होते. हे सांगायला दुसरे कुणी नव्हते. तीही सांगणार नव्हती. तिने फक्त हात टेकवला होता आणि ती माघारी गेली होती.

त्याने वेगाचे बटण मागे फिरवले. तळव्याखालचा हिसका शांत होईपर्यंत फिरवले. मग शेठच्या खोलीत जाऊन उभा राहिला.

“शेठ, उचकी लागतेय. पहिल्या दिवसापासून लागतेय. मला ऐकू येत नाही.”

“चेष्टा करता काय?”

“तिचे हात खरे आहेत. माझे कान गेले.”

“वहिनींचं टेबल राहील,” शेठ म्हणाले. “पण मशीन आता तुमच्याकडे कसं ठेवू, कानसेन?” नाव तोंडून निघाले मात्र, आणि ते ओशाळले.

मशीनवर दुसरा माणूस आला. कानसेनाला तावदानापलीकडे, तुंबलेल्या साच्यांपाशी स्टूल मिळाले. त्याने दगड उचलला आणि साच्यावरून बोट फिरवले. ज्या ओळी कानांना कळल्या नव्हत्या, त्या एकेक करून बोटाला लागू लागल्या. सगळ्या त्याच्याच. तो मान खाली घालून जोरजोरात घासू लागला.

शेजारून ती काहीतरी म्हणाली.

“काय म्हणालीस?”

तिने आपला सोललेला हात त्याच्या हातावर ठेवला आणि त्याचा वेग कमी केला.