डाळिंबाच्या बागेतली हॅट

दादानं माझ्या डोक्यावरची हॅट मागून उचलली आणि बागेतल्या कुत्र्याच्या डोक्यावर ठेवली.

मी झाडाखाली वाकलेली होते. हातात छाटणीची कात्री. डोकं एकदम हलकं लागलं म्हणून वळून बघितलं, तर दादा मोबाईल समोर धरून उभा. "बघा बघा, आमच्या मॅडम आल्या. डायरेक्ट फॉरेनवरनं." कुत्र्यानं मान झटकली. हॅट शेजारच्या बोर्डो पेस्टच्या बादलीत पडली. ही पेस्ट निळी असते. छाटणी झाली की फांदीच्या कापलेल्या तोंडाला लावतात, रोग शिरू नये म्हणून. फवारणीचे दोन गडी हसले. दादा हसला. त्याचे वडील, बागेचे मालक, ज्यांना सगळे आबा म्हणतात, ते खुर्चीवर बसले होते. तेही हसले.

मीही हसले.

हे आधी लिहून टाकते. असलं काही लिहायला बसलं की माणूस स्वतःला शूर करून घेतो. मी शूर नव्हते. शेहेचाळीस वर्षांची बाई, नऊ बायकांच्या टोळीची मुकादम. माझ्याहून दहा वर्षांनी लहान माणसानं माझ्या डोक्यावरची वस्तू कुत्र्याला घातली आणि मी दात दाखवले. मग बादलीतून हॅट काढली, झाडाला टांगली आणि राहिलेली ओळ उघड्या डोक्यानं छाटली. संध्याकाळी तो व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर होता. माझ्या पोरानं पाहिला. जेवला आणि बाहेर गेला.

हॅट कशी होती ते सांगते. तपकिरी, दाबलेल्या लोकरीची. वरून खोलगट चेपलेली, भोवती काळी रिबन, चहूबाजूंनी चार बोटं कड. जुन्या काळ्यापांढऱ्या फोटोत साहेब लोक घालतात तशी. मिरजगावच्या बाजारात एक जण जुन्या कपड्यांचा ढीग लावून बसतो. त्या ढिगात सापडली. तो म्हणाला, "मावशी, जेन्ट्स हाय ती." मी म्हणाले, "काटा कुठं बाई-गडी बघतो?"

डाळिंबाची फांदी संपते तिथं काटा होतो. छाटणी करायची म्हणजे झाडाच्या पोटात डोकं घालावं लागतं. डोक्यावर पदर असला की तो मागं कुठंतरी अडकतो. बाई मान सोडवायला झटका देते. झटका दिला की समोरची फांदी उसळून तोंडावर येते. कपाळ, गाल, भुवई, आमच्यातल्या प्रत्येकीच्या तोंडावर हे ओरखडे आहेत. हॅटच्या कडेला फांदी आधी आपटते. डोळ्यापर्यंत येत नाही. पहिल्या दिवशी गरम झालं. मग आत ओल्या फडक्याची घडी ठेवायला शिकले.

खताच्या कंपनीच्या टोप्या दादानं आम्हाला वाटल्या होत्या. पुढं चोच, बाजूला काही नाही. काट्याला त्या निरुपयोगी. पण त्या घातल्या तेव्हा कुणी हसलं नव्हतं. त्या मालकानं दिलेल्या होत्या.

काम हे कारण खरं आहे, पण ते अर्धंच. त्या कपडेवाल्यानं खांबाला आरसा बांधला होता. हॅट घालून त्यात बघितलं. दहा वर्षं ऊसतोडीला गेलेली, मोळ्या वाहून मान आखडलेली बाई मला त्यात दिसली नाही. कोणीतरी दुसरीच होती. ती मला आवडली. बाईला एखादी गोष्ट आवडली म्हणून तिनं घातली, एवढं कारण आमच्याकडं कुणाला पुरत नाही.

कंडक्टर म्हणाला, "कुठं निघाल्या मेमसाहेब, शूटिंगला?" सासू म्हणाली, "सून येयाच्या वयात काय ही थेरं?" आमच्याच वस्तीतला एक शहाणा म्हणाला, "गाव अंगावर घेशील उगं." आणि गावातल्या वरच्या गल्लीत, ओट्यावर शेंगा फोडत बसलेली एक म्हातारी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "का गं, आता आमी तुझ्या पाया पडायचं का काय?"

आमची घरं ओढ्यापलीकडं आहेत. ओढ्यापलीकडं कोण राहतं हे आमच्या भागात सांगावं लागत नाही. माझी आई त्या गल्लीतून जाताना पदर नाकापर्यंत ओढायची आणि चप्पल हातात घ्यायची. आता गल्ली सिमेंटची झाली. आमची चप्पल पायात राहिली. डोक्यावर काय असावं, ते मात्र अजून त्या गल्लीतलेच ठरवत होते. मला हे हॅट घालेपर्यंत कळलं नव्हतं.

तरी ती घालत राहिले. पेस्टचा डाग निघाला नाही, तो तसाच ठेवला. टोळीत शालन नावाची बाई आहे, तिशीची, दोन मुलींची आई. भुवईत काटा शिरून तिचा डोळा आठवडाभर सुजला होता. तिच्यासाठी त्याच ढिगातून एक राखाडी हॅट आणली. आधी लाजली. मग दिवसभर डोक्यावरून काढेना. "अक्का, मान मोकळी राहती गं," म्हणाली. मग आणखी एकीनं मागितली. नऊ जणींत तीन हॅटा झाल्या.

हस्त बहाराची, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या फुलोऱ्याची, छाटणी चालली होती. या बहाराचं गणित असं असतं की पानगळ, छाटणी आणि पाणी एकामागोमाग झालं पाहिजे. सगळी बाग एकदम फुटायला हवी. अर्धी राहिली की अर्धी बाग पुढं, अर्धी मागं, आणि माल एकसारखा निघत नाही. म्हणून दादाला घाई होती. आणि त्याच आठवड्यात पुण्याच्या एका कंपनीचे लोक बाग बघायला येणार होते. त्यांना पसंत पडलं तर फळ परदेशी जाणार होतं.

आदल्या दिवशी काम सुटताना दादा आला. हसत नव्हता.

"उद्या पाहुने येनार हायेत. त्या टोप्या आनू नका."

मी म्हणाले, "दादा, काट्यासाठी हायेत त्या."

"मला नको शिकवू. फोटो निघतील. आबांना आवडत न्हाई. बाईमानसानं बाईमानसासारखं ऱ्हावं. सगळ्याजनी पदर घ्या डोक्यावर, चांगलं दिसतं."

"आन न्हाई घेतला तर?"

"तर परवापासनं येऊ नका. टोळ्या काय कमी हायेत?"

त्याच्या चुलत्यांच्या दोन बागा आमच्याच हातात होत्या. म्हणजे त्यानं चुलत्यांकडं एक शब्द टाकला असता तर तीन बागा गेल्या असत्या. नऊ घरांचा हंगाम. मी उभ्या उभ्या विचार केला. एकाच दिवसाचा प्रश्न आहे, असं मनाला सांगितलं. मग बायकांकडं वळले आणि म्हणाले, "उद्या पदर घ्या सगळ्याजणी. हॅटा नकोत."

शालन म्हणाली, "अक्का, आपली ती कडंची ओळ लई गच्च हाय."

मी म्हणाले, "एक दिवस हाय. जपून कर."

दुसऱ्या दिवशी ऊन सकाळपासूनच चटचट लागत होतं. ऑक्टोबर असाच असतो. बांधाच्या पलीकडं मांडव घातला होता, खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या, शाली, नारळ. आम्ही नऊ जणी पदर घेऊन झाडांत. माझी हॅट मी पिशवीत घालून आणली होती. का आणली, सांगता येत नाही. पण घातली नाही.

दहाच्या सुमाराला गाड्या आल्या. त्याच वेळेला शालन ओरडली.

जे होतं तेच झालं. पदर मागं अडकला. तिनं मान झटकली. फांदी उसळली. या वेळी भुवई चुकली. ती खाली बसली होती, दोन्ही हात डोळ्यावर, आणि बोटांतून पाणी आणि रक्त एकत्र येत होतं. मी तिचा हात काढून बघितलं आणि परत ठेवला. बघण्यासारखं नव्हतं.

मी मांडवाकडं धावले. गाडी पाहिजे होती. तिथं कंपनीची एक बाई नुकतीच उतरली होती. तिशी-पस्तिशीची, जीन्स घातलेली, डोक्यावर गवती रंगाची रुंद हॅट, भोवती रिबन. जुन्या काळच्या मडमा घालायच्या तशीच. आबा पुढं झाले. बाई चांगली होती, वडीलधारा माणूस म्हणून नमस्कार करताना तिनं हॅट काढायला हात वर नेला. तर आबांनी दोन्ही हात जोडले.

"राहू द्या, राहू द्या मॅडम. ऊन लई हाय. डोकं जपलं पाहिजे."

मी हे चार हातांवरून ऐकलं. एक-एक शब्द ऐकला.

दादानं मला दंडाला धरून बाजूला घेतलं. मी सांगितलं काय झालं ते. म्हणाले, गाडी द्या. तो दात दाबून बोलला, "गप जरा. पाहुने जाऊ दे, मग बघू. पानी मार डोळ्यावर."

त्या बाईनं विचारलं, "काय झालं त्यांना?"

दादाची भाषा लगेच बदलली. "काही नाही मॅडम, एकीच्या डोळ्यात कचरा गेलाय."

मी परत झाडाकडं गेले. पिशवीतून हॅट काढली आणि डोक्यावर घातली. शालनला उठवलं. बाकीच्यांना म्हणाले, "कात्र्या घ्या. चला." बागेतून बाहेर पडायला मागचीही वाट होती. मी त्यांना मांडवासमोरून नेलं. शालन मधे, तिचा एक हात माझ्या खांद्यावर, एक डोळ्यावर.

आबा खुर्चीवरून उठले. "ए! काय तमाशा लावलाय हा? पाहुने हायेत!"

मी थांबले. त्यांच्या तोंडाकडं बघितलं. माझ्या आयुष्यात त्या घरातल्या माणसाच्या तोंडाकडं सरळ बघून बोलायची ती पहिली वेळ.

"डोकं जपतोय, आबा. तुमीच म्हनला ना आत्ता."

मग कंपनीच्या बाईला सांगितलं, "कचरा न्हाई गेला, मॅडम. काटा गेलाय." आणि चालू लागलो.

हायवेला एक कांद्याचा टेम्पो थांबला. त्यातून नगरला गेलो. डॉक्टर म्हणाले, बुबुळाला जखम आहे, उशीर केला असता तर डोळाच काढावा लागला असता. डोळा राहिला. नजर राहिली नाही. समोर कुणीतरी उभं आहे एवढं तिला त्या डोळ्यानं कळतं. कोण आहे ते कळत नाही.

चौथ्या दिवशी दादा आमच्या वस्तीवर आला. मी शालनच्या दारात होते. मोटारसायकल बंद केली नाही. बाग अर्धी राहिली होती, दुसरी टोळी ऐन बहारात मिळत नव्हती.

"झालं गेलं सोड. उद्यापासनं या. टोपी घालायची तर घाल बाई, काय घालायची ती."

मी म्हणाले, "आधी शालनला भेटा. आत हाय ती. तिला सांगा, मी टोपी काढायला लावली, माझं चुकलं."

त्यानं दाराकडं बघितलं. ओढ्यापलीकडचं दार. "मी? आत येऊ?"

"व्हय. दार उघडं हाय."

त्यानं गाडी वळवली. तीन बागा गेल्या. टोळीतल्या दोघी दुसरीकडं गेल्या, त्यांना घर चालवायचं होतं, मी त्यांना नाव ठेवत नाही. आमच्याकडचे काही लोक आता मला रस्त्यात थांबवून शाबासकी देतात. आबांना काय तोंडावर हाणलं, म्हणतात. त्यांना ती मांडवातली गोष्ट आवडते. आदल्या संध्याकाळची कुणी विचारत नाही.

शालननं विचारली. तिच्या घरी गेले होते, ती एका डोळ्यानं तांदूळ निवडत होती. मी आबांना, दादाला शिव्या देत होते. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दादानं तुला सांगितलं, अक्का. मला तू सांगितलं."

ते मालक आहेत, त्यांनी मालकासारखंच केलं. पण त्यांचा हुकूम शालनपर्यंत पोचवायला त्यांना माझं तोंड लागलं. आणि मी ते दिलं.

आता नवी बाग ठरवायला गेले की पहिलं बोलणं हेच करते. सातही जणींच्या डोक्यावर हॅट राहील, दिवसभर राहील, पाहुणा येवो नाही तर मंत्री येवो. परवा एक बागायतदार म्हणाला, "आमचं काय न्हाई हो. फक्त म्हाताऱ्यांपुढं तेवढी काढा." मी म्हणाले, "मग म्हाताऱ्यांकडून छाटून घ्या." उठले. सहा जणी माझ्या मागं उठल्या. शालनही. ती आता पेस्ट लावायचं काम करते, एका डोळ्यानं कात्रीचा अंदाज येत नाही.

तीही बाग गेली. अजून जातील. काम नाही मिळालं तर ऊसतोडीला जाईन, कोयता हाताला नवा नाही. पण "पदर घ्या" हे शब्द माझे होते, ते पुन्हा माझ्या तोंडून निघणार नाहीत. कुणाचा मान राखायला मी दुसऱ्या बाईचा डोळा काट्यापुढं धरणार नाही.