टोबीचा शनिवार

टोबी गेल्याचा फोन आला तेव्हा मी लंडनच्या पिनर उपनगरातल्या आमच्या घरी इस्त्री करत होते. फोनवर त्याची बायको होती, हाइके. तिचं इंग्रजी बेताचं, माझं जर्मन शून्य, त्यामुळे तो गेला एवढं कळायलासुद्धा मला पुन्हा पुन्हा विचारावं लागलं. पन्नाशी ओलांडलेला धडधाकट माणूस, झोपेतच गेला. मी सांत्वनाचं काहीतरी पुटपुटले. ठेवता ठेवता ती म्हणाली, "डॉक्टरांना एक विचारायचंय. पण आज नको." डॉक्टर म्हणजे आमचे हे. त्यालाही आता काही आठवडे झाले. तिनं पुढे जे विचारलं त्याचा मला अजून उलगडा झालेला नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे. लिहून होईल असंही नाही…

ऐंशीच्या दशकात आम्ही स्कॉटलंडात ग्लासगोला होतो. माझे यजमान तिथल्या हॉस्पिटलमध्ये रजिस्ट्रार डॉक्टर, मी घरी. पलीकडच्या घरातला म्हातारा एका छोट्या फुटबॉल क्लबचं काम बघायचा. हे क्लब बाहेरगावच्या पोरांना कुणाच्या तरी घरी ठेवतात, त्याला तिथे 'डिग्ज' म्हणायचे. आमची वरची खोली रिकामी आहे हे त्याला ठाऊक होतं. "पश्चिम जर्मनीतला लॅड आहे, एकच सीझन," असं म्हणून त्यानं एका संध्याकाळी अठरा वर्षांचा, ताडमाड उंच, लाजाळू टोबी आमच्या दारात आणून उभा केला. क्लबनं त्याच्याशी एका वर्षाचा करार केला होता. त्या वर्षात तो पहिल्या संघात टिकला तर पुढचा करार, नाही तर घरी. आमच्याकडे प्रत्येकानं त्याला पहिला प्रश्न विचारला तो, "हो, पण शिकतो काय?" फुटबॉल ही नोकरी असू शकते हे आमच्या डॉक्टर मंडळींच्या पचनीच पडत नव्हतं. टोबी बिचारा प्रत्येकाला हसून सांगायचा, "फुटबॉल."

ह्यांचा शनिवारचा उपास असतो, मारुतीचा, अगदी कॉलेजपासूनचा. आणि टोबीची मॅच शनिवारी दुपारी. पहिल्याच शनिवारी तो खाली आला आणि ह्यांच्या बशीत डोकावला. साबुदाण्याची खिचडी होती, भरपूर कूट, बटाटा, तूप. आमचे उपास म्हणजे 'एकादशी, दुप्पट खाशी'. त्यानं चाखली, आणखी मागितली, आणि त्या दिवशी रिझर्व्ह टीमकडून गोल करून आला. मग काय विचारता! दर शनिवारी हे आणि टोबी समोरासमोर बसून खिचडी खायचे. हे त्याला मारुतीच्या गोष्टी सांगायचे. समुद्र उडी मारून ओलांडला हे ऐकल्यावर त्यानं गंभीरपणे विचारलं होतं, "हेडिंगला चांगला असेल ना? उंच उडून डोक्यानं बॉल मारायला?" ह्यांनी तितक्याच गंभीरपणे मान डोलावली.

डिसेंबरात त्याला पहिल्या संघात घेतलं आणि त्यानं दोन गोल केले. गावातल्या साप्ताहिकाच्या बातमीदारानं रहस्य विचारलं, तर हा म्हणाला, "शनिवारी मी डॉक्टरांबरोबर उपास करतो." ते छापून आलं आणि त्याच संध्याकाळी कोच आमच्या दारात. लाल चेहऱ्याचा, छोटा, चिडका माणूस. "डॉक्टर, यू आर स्टार्व्हिंग माय बॉय!" हे समजावत राहिले, की अहो, उपास आहे पण आम्ही खातो. "खाता? मग तो उपास कसा?" कोच म्हणाला. आठवड्याच्या आत क्लबनं टोबीला दुसऱ्या डिग्जमध्ये हलवलं, तिथली बाई म्हणे सकाळ-संध्याकाळ मटण घालायची.

बॅग घेऊन निघाला तेव्हा त्याचा चेहरा इतका पडला होता की मला भडभडून आलं. वातावरण हलकं करायला हे म्हणाले, "उपास मध्येच सोडू नकोस हं. आमच्यात धरलेला उपास असा सोडत नाहीत, आधी उद्यापन करावं लागतं. तू ये, आपण करू." थट्टाच होती. टोबीनं हसून हात मिळवला.

तो नंतर पहिल्या संघात खेळला, पण हळूहळू पेपरात यायला लागलं की जर्मन पोरगा तासाभरातच दमतो, त्याला दमसास नाही. सीझन संपल्यावर क्लबनं करार वाढवला नाही. आम्ही तेव्हा पुण्याला गेलो होतो, आलो तर दारात त्याची चिठ्ठी, थँक्यू म्हणून. संपलं त्याचं प्रोफेशनल फुटबॉल. पुढे नाताळची कार्डं येत राहिली. नव्वदच्या दशकात आम्ही पिनरला आल्यावर एकदा भेटून गेला. मंगळवार होता, आमटीभात तीनदा मागून घेतला. आता गावात पोरांना शिकवतो म्हणाला. "का रे, सोडलंस का?" मी विचारलं. "मी दमायचो," तो म्हणाला. हे लगेच डॉक्टरी थाटात म्हणाले, "रक्त तपासायला हवं होतंस."

हाइकेचा दुसरा फोन आला तो गेल्या शनिवारी. हे फोन स्पीकरवर टाकून बसले, मी शेजारी. तिनं आधी लिहून काढलं असावं, कारण वाचल्यासारखं बोलत होती. टोबी शनिवारी संध्याकाळपर्यंत फक्त पाणी प्यायचा. स्कॉटलंडपासून. मॅच असली तरीही. डॉक्टरांचा उपास आहे, तो रीतसर बंद केल्याशिवाय सोडता येत नाही, म्हणायचा. "आता तो नाही, म्हणून मी करते आहे. बेकरीत उभं राहून काम असतं, मला चक्कर येते. डॉक्टर, मी थांबवला तर चालेल का?"

मला ह्यांचा राग आला. मग टोबीचा आला, की अरे गाढवा, साबुदाणा मिळाला नाही तर दुसरं काय चालतं ते विचारायला एक फोन करायचास! मग कोचचा. त्या उपासानं त्याचा खेळ गेला का? अशी किती पोरं एका सीझनमध्ये परत जातात, त्यांनी कुठे उपास केले होते? आणि आमच्या घराची एवढी एकच गोष्ट तो जन्मभर धरून राहिला, ह्याचा मला आनंद व्हावा की लाज वाटावी… काही म्हणजे काही कळेना.

हे फोनकडे वाकून म्हणाले, "यू ईट, हाइके. आत्ता जेवा. मी उद्यापन केलं असं समजा."

ती थँक्यू म्हणाली, दोनदा. मग विचारलं, "तुम्ही अजून करता? नुसत्या पाण्यावर?"

ह्यांना खोटं बोलता येत नाही. साबुदाणा म्हणजे काय ते सांगून झालं, शेंगदाणे सांगितले, तूप सांगितलं, आणि खाली बघत म्हणाले, "अँड पोटॅटो."

मग ती अगदी हळू म्हणाली, "बटाटे चालायचे?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हो," हे म्हणाले. "बटाटे चालायचे."