अन्वरचा वेगळा तवा

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, मुलांना नाही, मरणाच्या दारातल्या आईलाही नाही. आज तुला सांगते. मधे बोलू नको हं, एकदा थांबले तर पुन्हा तोंड उघडायचं नाही माझं.

बाहत्तरच्या दुष्काळाला दोन-तीन वर्षं झाली असतील. सोलापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजात आम्ही पाच जणी ऑपरेटर. माझ्या शेजारच्या खुर्चीवर शमीम. तिचा थोरला भाऊ अन्वर पुण्याच्या कॅम्पात हॉटेलचं काम शिकून आला होता, आणि स्टेशनाजवळ त्यानं स्वतःचं छोटं हॉटेल टाकलं होतं. तिथं बर्गर मिळायचा. गोल पाव, मधे टिक्की. आम्ही तोवर नावही ऐकलं नव्हतं. शमीमनं आम्हा चौघींना संध्याकाळी ड्यूटी सुटल्यावर जेवायला बोलावलं.

आता माझं ऐक. आम्ही बाळीवेशीतले लिंगायत. गळ्यात लिंग, घरात अंड्याचं नाव काढायची सोय नाही. अन्वरला ते ठाऊक होतं. त्यानं माझ्यासाठी बटाट्याची टिक्की केली होती — आणि ती भाजायला कोरा तवा आणला होता. फॅमिली रूमचा पडदा सारून त्यानं तो मला दाखवलासुद्धा. मला खात्री पटावी म्हणून. एवढं कोण करतं गं?

पण समोर चौघी खिम्याचा खात होत्या, आणि तो वास... जीभ माझीच की, दुसऱ्या कुणाला बोल लावू? मी म्हणाले, मलाही तोच हवा. शमीम हसायची थांबली. अन्वर म्हणाला, "नक्को बहन. घर में मालूम पडा तो?" मी हट्टाला पेटले. मी काय कुकुलं बाळ आहे का, म्हणाले. लिंग पदराखाली सरकवलं आणि खाल्लं.

बाहेर पडले तर समोर काका, सायकल धरून उभे. दारावरची 'खिमा बर्गर'ची पाटी त्यांनी वाचली होती. चल म्हणून मान हलवली. स्टेशनापासून बाळीवेशीपर्यंत ते सायकल हातात धरून चालले, मी मागं. चाकाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. अक्कलकोटचं स्थळ ठरत आलं होतं माझं. ते मोडणार, अप्पा घरात कोंडून घालणार, नोकरी जाणार — काय काय येत होतं डोक्यात. अन्वरचा विचार आला का? नाही. खरं सांगते, एकदाही नाही.

घरी अप्पांनी एवढंच विचारलं, काय खाल्लंस? आणि मी म्हणाले — बटाट्याचं म्हणून दिलं, खाल्ल्यावर कळलं.

सकाळी अप्पा, काका आणि गल्लीतले आठ-दहा जण हॉटेलवर गेले. मलाही नेलं. अन्वर हात पुसत बाहेर आला. काका ओरडत होते, लोक जमत होते, आणि तो माझ्याकडे बघत होता. बोलायला मला वेळ नव्हता, असं नाही. भरपूर होता. मी खाली बघितलं. तेव्हा तो म्हणाला, "चूक माझी हाय. तवा बदलायचा राहिला."

काकांनी त्याच्या थोबाडीत मारली. त्यानं हात वर केला नाही.

मग काय राहणार हॉटेलचं? शाकाहारी माणसाला फसवून मटण खाऊ घालतो, ही बातमी आठवड्यात गावभर झाली. दोन महिन्यांत कुलूप लागलं. अन्वर कुर्डुवाडीला गेला, दुसऱ्याच्या कँटीनमध्ये चहा द्यायला. पुन्हा स्वतःचं काही उभं करणं त्याला जमलं नाही. इकडे आमच्या घरी स्वामी आले, त्यांनी तीर्थ दिलं, अव्वा, म्हणजे आई, माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी रडले. पोर बाटल्याच्या दुःखानं रडते, असं सगळ्यांना वाटलं. वाटू दिलं मी. अक्कलकोटचं लग्नही झालं.

शमीम त्यानंतर चार वर्षं माझ्या शेजारी बसली. एका शब्दानं तो विषय काढला नाही तिनं. फक्त गिरिजा म्हणायचं सोडलं. मॅडम म्हणायची.

अप्पा गेले, काका गेले. अन्वरही गेला, शमीमनंच कळवलं. दोन ओळींचं पत्र होतं. मी उत्तर दिलं नाही.

मला कुणी फसवलं नव्हतं. मी मागून खाल्लं. पहिला संपल्यावर दुसराही मागितला.