जबड्यातलं हाड

"पूड कशाची हाय?" मी इचारलं.

बीडच्या दाताच्या दवाखान्यात खुर्चीत आडवा पडलेलो. डॉक्टरच्या हातात एवढीशी बाटली. जबडा झिजलाय, आधी हाड भरायचं, मग स्क्रूवर दात बसवायचे, एवढं मला समजलं होतं.

"जनावराच्या हाडाची, बाबा. एकदम शुद्ध केलेली."

"कोणतं जनावर?"

त्यानं दारात उभ्या माझ्या लेकीकडं बघितलं. मी उठून बसलो.

"आबा, औषध हाय ते!" लेक वरडली.

"हाड हाय. बाटलीत घातलं म्हणून दुसरं काय झालं?"

माझी मालकीण जाऊन वरीस न्हाई झालं. मी मटन खाणारा माणूस. नारायणगडावर तिनंच मला तुळशीची माळ घालायला लावली, मटन सुटलं. ती होती तवर तिच्या धाकानं पाळली. ती गेली आन् मी माळ सोडली, असं मला करायचं नव्हतं.

दात गेल्यावर ती मला दुधात भाकर चुरून द्यायची. आता चुरलेली भाकर पुढं आली की घास उतरत न्हाई. लेकीनं म्हणूनच दाताचा घाट घातला.

डॉक्टर म्हणाला, "मग तुमचंच हाड मागच्या दाढेच्या जागेतून काढावं लागेल. दोन ठिकाणी कापायचं. सूज जास्त येईल. पुरेल याचीही खात्री नाही."

"काढा."

"आई असती तर हाणलं असतं तुमाला," लेक म्हणली.

"ती असती तर मी इथं आलोच नसतो."

सुया टोचल्या. तोंड बधिर झालं, पण खरवडल्याचा आवाज पार टाळूत घुमायला लागला. मधीच डॉक्टर थांबला.

"बाबा, थोडं कमी पडतंय. चिमूटभर पूड मिसळू?"

तोंड उघडं, जीभ जड. बोलावं कसं?

"टाका डॉक्टर, त्यांना काय कळतंय!" लेक दारातून म्हणली.

बाटलीचं टोपण वाजलं. मी एका हातानं माळ धरली आन् दुसरा हात तोंडावर आडवा घातला.

"हात खाली घ्या! नाही टाकत." डॉक्टर चिडला. "मग दुसऱ्या बाजूनंही कापतो. चालेल?"

मी मान हलवली. डोळे मिटले. घामानं अंग खुर्चीला चिकटलं.

हाड धरतंय का न्हाई, ते काही महिन्यांनी कळंल. न धरलं तर बोळकं तर बोळकं.

घरी आलो तर गाल टम्म फुगलेला. लेकीनं रागारागात गार दुधात भाकर चुरली आन् ताटली पुढं आदळली.

"गिळा आता."

तिच्या आईसारखीच बारीक चुरली होती. गिळली.